जावेचं बोलणं लागलं, तर काय करावं?

जालन्यात नळाला दिवसाआडही पाणी येत नाही, त्यामुळे ते आलं की घरात कुरबुरही येते. जावेनं आपला ड्रम आधी भरला, नणंदेनं मोटार बंद केली, सासूबाई चारचौघांत "हिला काही येत नाही" म्हणाल्या. बायकांच्या प्रार्थनासभेत डोळ्यांत पाणी येतं ते अशाच गोष्टींवरून. तेव्हा मी जे सांगते, तेच इथं लिहिते.

आधी ठरवा, सोडायचं की बोलायचं. ती दमलेली होती, घाईत होती, असं दिसलं तर सोडा. अपराधाची गय करण्यात माणसाची शोभा आहे, असं बायबलमधलं नीतिसूत्रं 19:11 सांगतं. मात्र सोडलं की नवऱ्याच्या कानावरही घालायचं नाही आणि पुढच्या भांडणात उकरायचं नाही.

रात्री अंथरुणावर तेच आठवत राहिलं तर बोला. मत्तय 18:15 मध्ये येशूनं रीत घालून दिली आहे: ज्यानं तुझा अपराध केला त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना सांग. आपण नेमकं उलटं करतो. सभेत उभं राहून म्हणतो, "माझ्या जावेसाठी प्रार्थना करा, प्रभू तिचा स्वभाव बदलो." ही चहाडीच झाली. लेकरं शाळेत गेली, ती भाकरी थापायला बसली, की जवळ बसा. "अक्का, परवा तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, मला लई लागलं." एवढंच. "तुम्ही नेहमीच असं करता" हे तोंडातून जाऊ देऊ नका. माफीचे शब्द येतीलच असं धरू नका. कित्येकदा ती नुसता चहा ठेवते. तो घ्या.

"मला काही वाटलंच नाही" असं खोटं बोलायची गरज नाही. मत्तयच्या त्याच अध्यायात येशूनं सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, एक चाकर सोबतीच्या चाकराकडे आपलं देणं मागतो; ते शंभर दीनार आहे, म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी. ते देणं खरंच होतं. पण मागणाऱ्या चाकराला राजानं आधी दहा हजार तलांत, म्हणजे जन्मात न फिटणारं कर्ज, सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा असेल, तर शनिवारी रात्री हा दाखला जरूर वाचा.

दारू पिऊन मारहाण, हुंड्यासाठी छळ हे यात मोडत नाही. तिथं "सातांच्या सत्तर वेळा" क्षमा कर हे येशूचं वचन दाखवून सुनेला गप्प बसवणाऱ्यांचा मला संताप येतो. तिला आधी सुरक्षित जागी न्या, माहेरी कळवा, 112 ला फोन लावा.