बाळाच्या नाळेची काळजी: वाडीत सांगताना आधी आजीशी बोला

आमच्या सिंधुदुर्गात बाळंतपणं आता बहुतेक दवाखान्यातच होतात, पण बाळ घरी आलं की नाळेवर हळद-खोबरेल नाहीतर चुलीतली राख लावायची सवय काही घरांत अजून आहे. आणि हे करते आजी, तेही मायेनेच, त्यामुळे नुसतं सुनेला सांगून उपयोग नाही, माजघरात आजीजवळ जाऊन बसा.

मी आशाचं काम करते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाली, "काय लावूचा नाय म्हणजे उघडीच ठेवूची?" मी तिला मांडवावरचा दुधी दाखवला, देठ कसा आपोआप सुकतो तशीच नाळ सुकते, ओल राहिली की कुजते. ते तिला लगेच पटलं.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला एवढंच पुरतं, नाळ कोरडी आणि उघडी, लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा, हात लावायच्या आधी साबणाने धुवायचे. पावसात कपडे वाळत नाहीत तेव्हा दमट लंगोट अजिबात नको.

मग क्लोरहेक्सिडिन, म्हणजे नाळेला लावायचं जंतुनाशक मलम, ते कधी? घरी बाळंतपण झालं असेल किंवा घरात राख-शेण लावायचं थांबतच नसेल तर सिस्टरना विचारा, त्यांनी दिलं तरच वापरायचं. नाळेसाठीचं औषध ७.१ टक्क्यांचं असतं, घरातलं जखमेवरचं कुठलंही जंतुनाशक चालत नाही. पहिल्या २४ तासांत सुरू करून पहिला आठवडाभर दिवसातून एकदा, नाळेच्या टोकाला आणि बुडाला नीट लावायचं, सुकू द्यायचं, मग कपडा. याने नाळ थोडी उशिरा पडते हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरचे घाबरतात. नेपाळमध्ये गावातल्या आरोग्य सेविकांनी हेच मलम घरोघर पोचवलं, तिथे नाळेला मोहरीचं तेल लावायचे, त्याच्या जागी हे आलं. काहीतरी लावायची सवय असलेल्या हाताला दुसरं काहीतरी मिळालं की बदल सोपा जातो, मला हे फार पटतं.

एक गोष्ट मात्र दहादा सांगा, हे डोळ्यात घालायचं नाही. काही देशांत डोळ्याचं औषध समजून घातलं गेलं आणि बाळांच्या डोळ्यांना इजा झाली. ट्यूब काजळाच्या डबीजवळ ठेवूच देऊ नका.

घरभेटीला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी जाल तेव्हा लंगोट स्वतः सोडून बघा. बेंबीभोवतीची कातडी लाल, पू, घाण वास, रक्त थांबत नाही, ताप, अंग थंड पडलंय, बाळ ओढून पीत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.