ज्यांना कुणी नेत नाही, त्या सशांसाठी घर उघडण्याआधी

आधी जागा मोजा, आणि मोजताना एकही ससा दत्तक जाणार नाही असं धरा. गोंडस पिल्लांना घरं मिळतात. तुमच्याकडे येतील ते उरलेले: लाल डोळ्यांना लोक बिचकतात म्हणून राहिलेला पांढरा, मान वाकडी झालेला, दात तिरपे वाढणारा, हात पुढे केला की चावणारी मादी. ससा 8-10 वर्षं जगतो. चारांची जागा असेल तर तीनच घ्या, चौथी आजाऱ्याला वेगळं ठेवायला लागतेच. जाळीच्या तळाचा पिंजरा नको. सशाच्या पंजाखाली कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात, आणि जाळीवर बसून तळपायाला जखमा होतात. खाली जुन्या सतरंज्या घाला.

नर-मादी पहिल्या तासापासून वेगळे. ‘दोन्ही माद्याच आहेत’ यावर विश्वास ठेवू नका, डॉक्टरांकडून तपासून घ्या. गर्भ साधारण 31 दिवसांचा, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदीनंतरही नर काही आठवडे वेगळाच ठेवायचा. चावऱ्या माद्यांपैकी बऱ्याच जणी नसबंदीनंतर महिना-दोन महिन्यांत निवळतात, तोवर धीर धरा.

गवत जूनच्या आत भरून ठेवा. सशाचं मुख्य अन्न वाळकं गवत आहे, गाजर नाही. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीचा त्रास होतो. पोती जमिनीपासून उंच ठेवा, बुरशीचा वास आला की सगळं पोतं फेका. हळहळ वाटली तरी फेका.

डॉक्टर पहिला ससा येण्याआधी शोधा. त्यांना विचारा, ऑपरेशनआधी ससा उपाशी ठेवायचा का? उत्तर ‘नाही’ हवं, कारण सशाला उलटी होत नाही आणि त्याचं पोट थांबता कामा नये. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहा: तोंडावाटे अमोक्सिसिलिन (अँटिबायोटिक) नाही, गोचिडांसाठीचा फिप्रोनिल स्प्रे नाही. कुत्र्याला चालतं म्हणून दिलेल्या अशाच एका औषधाने आमची एक सशीण गेली. ती मी विसरलेले नाही. रात्री उचलला जाईल असा एक नंबर हवाच, कारण 10-12 तास सशाने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट बघता येत नाही. लेंड्या रोज बघा, त्यांचा आकार लहान झाला तरी सावध व्हा.

वाकड्या मानेच्या सशाला बरं व्हायला आठवडे लागतात. तो गडगडतो, म्हणून भोवती उशा लावा, हाताने भरवा. मान तशीच राहिली तरी कित्येक ससे छान जगतात, हे दत्तक घ्यायला येणाऱ्यांना त्याच्यासमोर बसवून दाखवा. तिरप्या दातांचा खर्च महिन्याच्या हिशोबात धरा, दर 3-5 आठवड्यांनी दात कापून घ्यावे लागतात. घरी नेलकटर लावू नका, दात उभा चिरतो.

उन्हाळ्यात 30 अंशांपुढे ससा तगमगतो. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवा, कान ओल्या कापसाने पुसा, गार पाण्यात बुडवू नका. पावसाळ्यात, विशेषतः अंग स्वच्छ करता न येणाऱ्यांची, मागची बाजू दिवसातून दोनदा बघा. माशीच्या अळ्या एका दिवसात कातडी खातात.

‘नाही’ म्हणायची तयारीही आधीच करा. ‘मग टेकडीवर सोडतो’ असं ऐकवलं जाईल. पाळीव ससा तिथे रात्र काढत नाही, हे शांतपणे सांगा आणि घरीच ठेवायला काय लागेल ते समजावा. शेतात सापडलेलं तपकिरी पिल्लू मात्र रानसशाचं असतं, त्याची आई संध्याकाळी येते. जखमी नसेल तर तिथेच राहू द्या, असेल तर वनविभागाला 1926 वर कळवा.

एक वही करा: तुम्ही आठ दिवस इस्पितळात असलात तर कोण येईल, किल्ली कुणाकडे, कुणाला कोणतं औषध. ती वही त्या माणसाला आत्ताच वाचायला द्या, आणि एक दिवस सगळं त्याच्याकडून करून घ्या.