निनाव पुढच्या पिढीला शिकवताना या चुका टाळा

श्रावण जवळ आला की ठाण्यातल्या आम्हा सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत फोन सुरू होतात. "मामी, निनावाची रेसिपी पाठवा ना." मी पाठवते. मग फोटो येतो आणि त्याखाली प्रश्न, "हे असं का झालं?" चुका दरवर्षी त्याच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

ज्यांच्याकडे निनाव होत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेसन आणि थोडी कणीक तुपावर भाजायची, नारळाचं दूध आणि गूळ घालून शिजवायची, आटली की तुपाचा हात लावलेल्या भांड्यात थापून वरून खरपूस रंग येईपर्यंत भाजायची. अंडं नाही, मैदा नाही, बेकिंग पावडर नाही. घरोघरी ओव्हन यायच्या कितीतरी आधी हे बेकिंग शेगडीवर चालायचं, भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे.

वाटीचा परस्पर कप करणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर. आमच्या घरचं प्रमाण असं: बेसन एक वाटी, कणीक अर्धी, गूळ दीड, नारळाचं दूध चार वाट्या. ही वाटी म्हणजे सासूबाईंची पितळी वाटी, 150 मिलीची. बाजारात मिळणारा मापाचा कप साधारण 240 मिलीचा. सगळंच कपाने घेतलं तर काही बिघडत नाही, निनाव जास्त होईल एवढंच. बिघडतं ते अर्धं याने आणि अर्धं त्याने घेतलं की.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या आमच्या भाचेसुनेने नेमकं हेच केलं. बेसन आणि कणीक नव्या कोऱ्या कपाने, गूळ आणि दूध आमटीच्या वाटीने. म्हणजे पीठ दीडपटीहून जास्त आणि दूध होतं तेवढंच. कढईत गोळा झाला, कालथा उभा राहिला. मला फोन करायचा सोडून बाईंनी त्यात पाणी ओतलं. गुठळ्या झाल्या, त्या मिक्सरमधून काढल्या, आणि ते सगळं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. कन्व्हेक्शन नाही, साधा मायक्रोवेव्ह, ज्यात आपण काल रात्रीची आमटी गरम करतो. त्यात पदार्थावर रंग चढत नाही. वरून पांढुरकं दिसतंय म्हणून वेळ वाढवत गेली आणि निनाव रबरासारखं झालं. संध्याकाळी सासरे जेवायला. त्यांनी एक वडी बराच वेळ चावली आणि "चव आहे हो" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी उरलेलं कुस्करून तुपावर परतलं तेव्हा कुठे ते संपलं.

उपाय माझ्या पद्धतीचा सांगते. ज्या घरातून रेसिपी घेताय त्या घरातली वाटी बघा. तिच्यात पाणी भरून काट्यावर वजन करा आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा करा, पाणी जितके ग्रॅम तितके मिली. मग आजीला त्याच वाटीने बेसन भरायला लावा आणि तेही वजन करा, कारण कुणी शीग लावून भरतं, कुणी सपाट. हे आकडे वहीत लिहा. आमच्याकडे ती पितळी वाटी निनावाच्या भांड्यातच ठेवलेली असते आणि इतर कशालाही वापरायची नाही, अगदी साखरेलासुद्धा.

भाजताना घाई, आणि आजीची लुडबुड

बेसन मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं तरी भाजावं लागतं. आधी ते तुपात घट्ट बसतं, मग हळूहळू सैल होतं, तूप सुटायला लागतं, हात हलका चालतो आणि वास बदलतो. नव्या मुली रंग बदलला की गॅस बंद करतात. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत रंग येतोच, पण आतून कच्चं बेसन जिभेला कळतं, गूळ-वेलची-जायफळ कितीही घाला. "तोपर्यंत दोन रील बघून घेते" म्हणणाऱ्यांनी सरळ विकतची बर्फी आणावी.

पण दोष एकट्या मुलींचा नाही. आज्या आणि सासवा काय करतात? पोरीच्या हातात कालथा देतात आणि दोन मिनिटांत "दे इकडे, लागेल" म्हणून काढून घेतात. मग पोरगी मोबाइलवर व्हिडिओ काढत उभी राहते. व्हिडिओत वास येत नाही आणि कालथा जड का हलका हेही कळत नाही. मी आता शिकवताना ओट्यापासून लांब, खुर्चीवर बसते आणि हात पदराखाली ठेवते. थोडं लागलं तर लागू दे. बेसन काही केशर नाही.

ओव्हनची आच

निनाव कढईतच शिजलेलं असतं, ओव्हनमध्ये ते फक्त आळायचं आणि वरून खरपूस व्हायचं असतं. म्हणून पूर्वी निखारे खाली थोडे आणि झाकणावर जास्त ठेवत. ओटीजीत, म्हणजे वर-खाली रॉड असलेल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, मी आधी दहा मिनिटं तापवून, 180 अंशांवर दोन्ही रॉड लावून अर्धा तास ठेवते आणि शेवटची पाच-सात मिनिटं फक्त वरचा रॉड. त्या वेळी समोरून हलायचं नाही.

बाकीचं पटापट. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळू देऊ नका, फुटतं. गूळ चिरून घ्या, खडे टाकून विरघळायची वाट बघू नका. डब्यातलं दूध चालतं, पण जांभळी नाक्यावरून दोन नारळ आणणं इतकं अवघड आहे का? गरम काचेचं भांडं ओल्या ओट्यावर ठेवाल तर तडकेल. दिवाळीच्या नानकटाईबद्दलही विचारतात: पसरते कारण तूप पातळ घेतलेलं असतं, थिजलेलं घेऊन फेसा. आणि ओव्हनमधून मऊच बाहेर काढा, ती गार झाल्यावर खुसखुशीत होते.

वड्यांचं राहिलं. गरम निनाव कापलंत तर सुरीला चिकटून कडा तुटणारच. मी रात्री भाजते आणि सकाळी कापते. शिळं जास्त चांगलं लागतं.