टीबीच्या गोळ्या नि रक्तातली साखर: या चुका टाळा

निपाणीच्या आमच्या मामांना फुफ्फुसाचा टीबी निघाला, तेव्हा घरात सगळ्यांचा कान खोकल्याकडं. शुगर जुनीच, त्यावर ग्लिमेपिराइड ही गोळी चालू होती. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले नि उपाशीपोटीची साखर १४० वरून २४० वर गेली. मामींनी चहा बिनसाखरेचा केला, भाकरी अर्ध्यावर आणली. शेवटी मामांवरच संशय: "गपचूप कुंदा (बेळगावकडची खव्याची मिठाई) खाताय." कुंद्याचा काही दोष नव्हता.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन फायली नि दोन डॉक्टर. टीबीचं औषध गावच्या सरकारी दवाखान्यात, शुगरवाले डॉक्टर मिरजेला किंवा कोल्हापूरला. सिस्टरनी कन्नडमध्ये "शुगर ऐति?" (शुगर आहे का?) विचारलं, मामा "हां" म्हणाले, गोळीचं नाव ना त्यांनी विचारलं ना ह्यांनी सांगितलं. टीबीच्या गोळीतलं रिफाम्पिसिन यकृताला औषधं भराभर मोडायला लावतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ह्या शुगरच्या गोळ्या मग पुरेशा टिकत नाहीत. मेटफॉर्मिन ह्या शुगरच्याच दुसऱ्या गोळीचं तसं होत नाही. त्यात टीबीची सूज नि ताप साखर चढवतातच. डोस वाढवायचा की काही दिवस इन्सुलिन घ्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त दोन्हीकडच्या गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत घालून न्या.

मामांवरचं खरं संकट मात्र कोर्स संपल्यावर आलं. सहा महिने झाले, पेढे वाटले, शुगरची वाढवलेली गोळी तशीच चालू राहिली. रिफाम्पिसिन थांबलं की दोनेक आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो आणि तीच गोळी जास्त होते. एका पहाटे मामा घामानं भिजले, असंबद्ध बोलायला लागले. मीटरवर ५२. शुद्धीत होते म्हणून गुळाचं पाणी पाजता आलं; बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. टीबीची शेवटची गोळी कधी आहे, ती तारीख शुगरच्या डॉक्टरांना आधीच सांगा.

शुगर पहिल्यांदाच टीबीच्या तपासणीत सापडली असेल, तर "आता जन्माची लागली" म्हणून हाय खाऊ नका आणि "तापामुळं असेल" म्हणून सोडूनही देऊ नका. काहींची साखर टीबी आटोक्यात आल्यावर खाली येते, काहींची नाही. पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. रक्त फार कमी असेल तर एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडाही फसवतो. उपाशीपोटीची आणि जेवल्यावरची, दोन्ही बघा.

पथ्याचा अतिरेक ही आपल्याकडची खास चूक. टीबी स्नायूच खातो. साखरेच्या भीतीनं ताटातली भाकरी काढली तर माणूस आणखी वाळतो. गूळ घातलेली गंजी नको, पण ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडं, शेंगदाण्याची चटणी हवीच. दर महिन्याला वजन करा. टीबीच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, त्यामुळं वजन बरंच वाढलं तर डोसही बदलू शकतो. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून मिळतात (आधी ५०० होते), ते बँक खात्यात येतात की नाही बघा.

पायाला मुंग्या आल्या की सगळे शुगरवर ढकलतात. टीबीच्याच आयसोनियाझिड ह्या औषधानं बी६ जीवनसत्त्व कमी पडूनही तसं होतं, म्हणून पायरिडॉक्सिन (बी६ची गोळी) चालू आहे का विचारा. सांधे दुखले तर टीबीच्या पायराझिनामाइड ह्या औषधानं युरिक ॲसिड वाढलंय का ते तपासून घ्या.

सतत सुस्ती, मळमळ, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर "अशक्तपणा" म्हणून सलाईन लावायला धावू नका. टीबीत सोडियम उतरू शकतं, ते आधी रक्तात मोजायचं. मीठ घरी वाढवून भागत नाही. उलट्यांसोबत डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना.

नि कर्नाटकातल्या निपाणीकडून राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लजला लेकीकडं राहायला जाणार असाल तर निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर) तोच ठेवा. तो देशभर चालतो, नवं नाव घालून पहिल्यापासून सुरू करायचं कारण नाही.