इजेनची निळी आग बघायला जाताय? मग या चुका टाळा

बालीला जाणारे आपले लोक आता इतके वाढलेत की दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच, "अरे तो निळ्या आगीचा ज्वालामुखी, तो बालीहून एका रात्रीत होतो ना?" नाही होत. म्हणजे गाडीवाले नेतात, पैसे घेतात, परत आणून सोडतात, पण त्याला इजेन बघणं म्हणत नाहीत. मी तीन वेळा जाऊन आलोय आणि तिन्ही वेळा आपल्याकडची माणसं तिथे त्याच त्याच चुका करताना बघितली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी जागा समजून घ्या. कावा इजेन बालीत नाहीच, तो शेजारच्या जावा बेटाच्या पूर्व टोकाला, बन्युवांगी शहराच्या वरच्या डोंगरात आहे. कावा म्हणजे तिकडच्या भाषेत विवर. विवरात आम्लाचं तळं आहे, जवळजवळ एक किलोमीटर लांब, इतकं आम्ल आणि इतकं मोठं तळं जगात दुसरं नाही. पीएच १ च्या खाली, म्हणजे लिंबाच्या रसापेक्षाही कितीतरी पट जहाल. त्याच्या काठाला जमिनीतल्या भेगांमधून गंधकाचा तापलेला वायू बाहेर पडतो, हवा लागली की पेटतो, आणि ती आग निळी असते. दिवसाही ती जळतच असते, फक्त उजेडात दिसत नाही. म्हणून हा सगळा रात्रीचा खटाटोप.

चूक पहिली: बालीहून एका रात्रीत उरकायचं

दक्षिण बालीतल्या कुटाहून पश्चिम टोकाचं गिलिमानुक बंदर चार तास. मग फेरी, पाण्यावर पाऊण-एक तास आणि रांगेत थांबायचं ते वेगळं. पलीकडे केतापांगला उतरून पाल्टुडिंगपर्यंत, म्हणजे जिथून चढ सुरू होतो तिथपर्यंत, घाटाने तास-सव्वा तास. मग तीन किलोमीटर चालायचं, त्यातले पहिले दोन चांगलेच अंगावर येणारे, भुसभुशीत मातीचे. कड्यावर पोचलात की आग बघायला दगडांच्या वाटेने पाऊण तास खाली विवरात, आणि तेवढंच परत वर. हे सगळं न झोपता, पोटात संध्याकाळचं काहीतरी ढकललेलं असताना. आणि मग त्याच गाडीत बसून परत बाली. लोक फोटोत हसतात, पण खाली उतरताना त्यांचे गुडघे बघा.

आणि यात एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही आणि जिच्यापायी आमच्या ग्रुपची वाट लागली होती. बाली आणि जावाच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. फेरीने जेमतेम तासाभराचं पाणी ओलांडलं की वेळ बदलते, जावा एक तास मागे.

आम्ही सहा जण होतो. त्यातला एक मित्र आणि त्याची बायको यांचं त्याच रात्री साडेआठचं बालीतल्या देनपसारहून परतीचं विमान. त्यांची चार वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आजी-आजोबांकडे सांगलीला ठेवलेली, त्यामुळे एक दिवसही वाढवायचा नाही असं आधीच ठरलेलं. मी बन्युवांगीत एक दिवस राहा म्हणून दहा वेळा सांगितलं होतं, पण त्यांचा हिशोब पक्का होता, सकाळी ९ ला पाल्टुडिंग सोडायचं, आठ तास धरले तरी ५ ला विमानतळ, साडेतीन तास हातात. हिशोब बरोबरच होता, फक्त निघायची वेळ जावाची होती आणि विमानाची बालीची. म्हणजे ५ नाही, ६. त्यात केतापांगला ट्रकांची रांग, दीड तास आम्ही जागचे हललो नाही. पुढे गिलिमानुक ते देनपसार हा सगळा मालट्रकांचा रस्ता, एक गाडी येणारी एक जाणारी, ओव्हरटेकला जागा नाही. फेरीवर मोबाईलचं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं तेव्हा वहिनीच्या ते लक्षात आलं, आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो. आठला पोचलो, काउंटर बंद. विमान समोर उभं आणि हे बाहेर. रात्री तिने मुलीला व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो, ऐकवत नव्हतं. दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढली, किती पैसे गेले ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: बन्युवांगीत दोन रात्री. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं, लवकर जेवून ६ ला आडवं व्हायचं, झोप लागो न लागो डोळे मिटून पडायचं. १२ ला उठायचं. परत आल्यावर आंघोळ, जेवण, झोप, आणि जायचं ते तिसऱ्या दिवशी. जावातल्याच सुराबाया शहराकडून येणार असाल तर रेल्वे थेट केतापांगपर्यंत येते, बंदराच्या अगदी जवळ, मला तोच प्रवास जास्त आवडतो. आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी.

"आमच्याकडे एवढा वेळ नाही" म्हणणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे, मग इजेन सोडा. बालीतच बतूरचा सूर्योदय बघा, तोही ज्वालामुखीच आहे आणि सुंदर आहे.

चूक दुसरी: कोविडवाला मास्क आणि लपवलेला दमा

मी सांगलीकडचा, काका साखर कारखान्यात होते, त्यामुळे जळत्या गंधकाचा वास लहानपणापासून ओळखीचा. उसाचा रस स्वच्छ करायला, साखर पांढरी व्हायला आपल्याकडे गंधकाचा धूर वापरतात ना, तोच वास. इजेनच्या कड्यावर तो पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं हे तर आपल्याला माहितीये. विवरात उतरल्यावर कळलं की माहिती नव्हतं. वारा फिरला की धुराचा अख्खा लोट अंगावर येतो, डोळ्यांतून पाणी, घशात आतून कुणी ब्रश फिरवल्यासारखं, आणि दोन हातांवरचा माणूस दिसत नाही.

हा सल्फर डायऑक्साइड. डोळ्यांत, घशात, फुप्फुसात जिथे ओल असेल तिथे तो आम्ल होतो. कापडी किंवा सर्जिकल मास्कने यातलं काहीही अडत नाही. दोन्ही बाजूंना डबीसारखी फिल्टर असलेला, आम्ल वायूंसाठीचा मास्क लागतो. तिथे भाड्याने मिळतात, पण घेताना घालून बघा, श्वास ओढल्यावर रबर गालाला चिकटलं पाहिजे, आणि फिल्टर कुठली आणि किती जुनी ते विचारा. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, मी जायच्या आदल्या दिवशी दाढी करतो. कॉन्टॅक्ट लेन्स अजिबात नको.

दुसऱ्या वेळी माझा मामेभाऊ बरोबर होता. त्याला दमा आहे हे मला माहीत होतं पण "आता काही नाही रे, दोन वर्षं पंप लागला नाही" म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. तिकिटासाठी तब्येतीचं सर्टिफिकेट लागतं, तर आमच्या गाडीवाल्याने ते डॉक्टरला न दाखवताच आणून दिलं, सगळ्यांच्या नावाचं, आणि आम्हाला ते सोयीचं वाटलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. विवरात निम्म्यावर वारा फिरला, याने घाबरून मास्क काढला कारण मास्कमध्ये कोंडल्यासारखं झालं, आणि पुढच्या दहा सेकंदांत तो खाली बसला. बसायचं नसतं. हा वायू हवेपेक्षा जड आहे, खाली जास्त साचतो. आमच्याबरोबरच्या गाइडने त्याला काखेत धरून उभं केलं, मास्क परत दाबून बसवला आणि वाऱ्याला आडवं चालवत बाजूला नेलं. मागे पळायचं नाही, तळ्याकडे तर नाहीच, वाऱ्याला आडवं. वर पोचायला आम्हाला दीड तास लागला. सहा पावलं, मग थांब, परत सहा पावलं. त्याचे ओठ टॉर्चच्या उजेडात कसे दिसत होते ते मी मामीला कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा डॉक्टरची तपासणी खरी करून घ्या. दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण यापैकी काही असेल तर विवरात उतरू नका. कड्यावरून पहाटेचं तळं बघा, तेही फार मोठं आहे. आणि कधी कधी वायू वाढला की खाली उतरणं किंवा अख्खा डोंगरच बंद ठेवतात, त्या आठवड्यात काय परिस्थिती आहे ते विचारूनच गाडी ठरवा. बंद असेल तर "थोडे जास्त पैसे द्या, मी नेतो" म्हणणारा भेटेलच, त्याच्याबरोबर जाऊ नका. २०१८ च्या मार्चमध्ये तळ्यातून एकदम वायू उसळला तेव्हा आसपासच्या वस्तीतल्या लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं, ते तर तिथेच राहणारे. आणि २०२४ मध्ये कड्यावर फोटो काढताना एक पर्यटक बाई खाली पडून वारली. कठड्यापलीकडे जाऊन फोटो नको म्हणजे नको.

निळा लाव्हा शोधत बसणं

लाव्हा नाहीये तो. सगळीकडे "ब्लू लाव्हा" म्हणून फिरणारे फोटो कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेले असतात, म्हणून डोंगरावरून निळी नदी वाहतेय असं वाटतं. डोळ्याला दिसते ती आग, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या ज्योतीसारखी निळी, पण उतारावर पसरलेली, माणसापेक्षा उंच जाणारी, आणि मध्येच धुराने झाकली जाऊन परत उघडणारी. काही ठिकाणी वितळलेलं गंधक ओघळताना पेटलेलं असतं, तेवढंच काय ते वाहताना दिसतं. मला ती फोटोपेक्षा जास्त आवडली, कारण तिला आवाज आहे, प्रेशर कुकर सुटल्यासारखा सततचा. पण उजाडायला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत फिकट होऊन जाते, म्हणून उशीर करून चालत नाही. आणि आग संपली म्हणून लगेच खाली पळूही नका, तळ्याचा तो हिरवट निळा रंग सूर्य वर आल्याशिवाय उमटत नाही.

कामगारांच्या वाटेत उभं राहणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या विवरात माणसं गंधक काढतात. वायू पाइपांमधून खाली आणतात, तो थंड होऊन लालसर रस होऊन ठिबकतो, थिजला की पिवळा धम्मक होतो, मग पहारीने फोडून दोन टोपल्यांत भरतात. आपल्या कावडीसारखी बांबूची कावड, दोन्हीकडे मिळून ७० ते ९० किलो, आणि त्याच दगडांच्या वाटेने वर. मी एकाच्या खांद्यावर कावडीच्या जागी लिंबाएवढी गाठ आलेली बघितली, अगदी हातभरावरून. कड्यावरून खाली आता बरेच जण गाडे वापरतात, पण विवरातून वर खांद्यावरच. त्यांचा पाय एकदा थांबला की परत लय धरायला त्रास होतो, आणि आपली मंडळी मधोमध उभी राहून सेल्फी घेतात. आवाज आला की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या नाही. फोटो विचारून, आणि काढलात तर पैसे द्या, घासाघीस करू नका. कावड उचलून बघायचा खेळही नको.

बाकी पटापट

जाकीट न्या, बाली म्हणून कॉटनच्या टीशर्टवर येतात आणि कड्यावर कुडकुडतात. टॉर्च डोक्याला बांधायचा, मोबाईलचा नाही, हात मोकळे लागतात. चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात. पाण्यात बोट बुडवायचं धाडस कुणी करत असेल तर हात धरून ओढा. मे महिन्याची सुट्टी उत्तम, दिवाळी चालते, नाताळात पाऊस असतो आणि वाट निसरडी. शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे मिळतं, टोफूला तिकडे ताहू म्हणतात, थेपल्यांची अख्खी बॅग वर न्यायची गरज नाही. रोख रुपिया सुट्टे ठेवा.

आणि वाटेत कामगार गंधकाची छोटी कासवं, फुलं साच्यात ओतून विकतात. ती घरी आणू नका, गंधक पेट घेणारं आहे, विमानाच्या सामानात चालत नाही, विमानतळावर काढून घेतात. मी पैसे देतो, कासव हातात धरून बघतो आणि त्यांच्याच फळीवर परत ठेवतो.