पेलेटची भट्टी बंद होईना? आधी प्लगला हात लावू नका

खवा शेवटाला आला की जाळ कमी करावाच लागतो, नाहीतर पाच मिनिटात बुडाला लागतो आणि करपट वास सगळ्या घाण्यात उतरतो. लाकडाची भट्टी होती तेव्हा लाकूड बाहेर ओढलं की काम झालं. पेलेटच्या, म्हणजे भुसा-भुसकट दाबून केलेल्या कांड्यांच्या भट्टीत तसं नसतं, तिथं पंखा आहे, पेलेट ढकलणारा स्क्रू आहे, पॅनल आहे, आणि यातलं एक जरी अडकलं तरी बटण बंद करूनही भट्टी जळतच राहते.

आमच्या भूमकडच्या शेडमध्ये मागच्या दिवाळीच्या तोंडावर हेच झालं. २० लिटर दुधाचा घाणा, चारेक किलो खवा निघणार, गोळा धरायला लागला होता. मी स्विच बंद केला तर स्क्रू आपला फिरायलाच, टप टप पेलेट पडायलेत. धाकटा भाऊ म्हणला, "दादा, प्लगच काढतो," आणि मी नको म्हणेपर्यंत त्यानं काढला पण. पंखा थांबला, जाळ खाली बसला आणि दुसऱ्या मिनिटाला पिवळट जाड धूर पत्र्याखाली भरला, हॉपरच्या, म्हणजे पेलेट भरायच्या टाकीच्या झाकणातूनही निघायला लागला. दोघंही खोकत बाहेर पळालो. खवा गेला त्याचं काही नाही, पण त्या हॉपरमध्ये वीस-पंचवीस किलो पेलेट होते आणि आग त्यांच्याकडं चालली होती.

म्हणून पहिली गोष्ट हीच, भट्टीचं खाणं तोडा, वारा तोडू नका. पंखा चालू असतो तोवर धूर धुराड्यानं जातो. तो थांबला की गरम हवा स्क्रूच्या पाइपातून मागं हॉपरकडं चढते.

आता ऐन वेळी काय करायचं ते. आधी बघा की नेमकं काय चालू राहिलंय. नुसता पंखा चालू असेल आणि पेलेट पडत नसतील तर बहुतेक वेळा काही बिघाडच नसतो. बटण बंद केलं की स्क्रू थांबतो, कुंडीतला, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यातला माल १०-१५ मिनिटं जळतो आणि भट्टी निवेपर्यंत पंखा फिरतो, तो तसा फिरायलाच पाहिजे. अमेरिका-युरोपात थंडीत घर तापवायला जे छोटे पेलेट स्टोव्ह असतात त्यातही बंद केल्यावर पंखा अर्धा-पाऊण तास चालतो, आणि आपल्याकडं तर आतून विटा लावलेल्या असतात, त्या लवकर निवत नाहीत. तासभर वाट बघा.

पण पेलेट पडतच असतील तर तो खरा बिघाड. स्क्रूच्या मोटारीला वेगळा स्विच असेल तर तेवढाच बंद करा. नसेल तर फीड एकदम कमीवर आणा, हॉपरखाली सरकती पट्टी असेल तर ती लावा, आणि वरून नवीन माल टाकू नका, आहे तो संपू द्या. खवा झाऱ्यानं परातीत काढून घ्या आणि रिकाम्या कढईत लांब उभं राहून हळूहळू पाणी सोडा, म्हणजे तो जाळ पाणी उकळण्यात जाईल, कढई लाल होणार नाही. कुंडीत मात्र पाणी अजिबात ओतायचं नाही, वाफ आणि गरम राख तोंडावर येते आणि विटा तडकतात. हॉपरमधून धूर यायला लागला तर झाकण उघडून बघायचा मोह टाळा, हवा मिळाली की भडका उठतो. माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

अजून एक, थंडीत पोरं भट्टीच्या उबेला शेडमध्येच झोपतात. जी भट्टी नीट बंद होत नाही तिच्याजवळ कुणालाही झोपू देऊ नका. इंगळ धुमसत राहिले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही. डोकं जड पडलं, मळमळलं तर ताबडतोब मोकळ्या हवेत यायचं.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, भट्टी पूर्ण गार झाल्यावर आणि आता मात्र प्लग काढूनच. साधा कंटिन्यूटीचा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणारा मीटर लागतो. पॅनल उघडायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, पण शेजारी उभं राहून हे सगळं तपासून घ्या.

पहिला संशय रिलेवर, म्हणजे मोटारीचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॅनलमधल्या स्विचवर, किंवा मोठी भट्टी असेल तर कॉन्टॅक्टरवर, तो त्याचाच मोठा प्रकार. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा तो टर्र टर्र करत राहतो, प्रत्येक टर्रला आत ठिणगी पडते आणि शेवटी दोन्ही पॉइंट वितळून चिकटतात. मग बटण काही म्हणो, मोटारीला करंट जातच राहतो. स्क्रूच्या मोटारीची वायर सोडवून ठेवा आणि ज्या पॉइंटमधून तिला करंट जातो तिथं मीटर लावा, बंद अवस्थेत बीप यायला नको. आला म्हणजे चिकटलाय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकला की सुटतो, आमचाही सुटला होता, काळे पडलेले दोन ठिपके स्पष्ट दिसत होते. पण तो चार दिवसांनी परत चिकटणार, पॉलिश पेपर मारत बसू नका, मोटारीच्या अँपिअरला पुरेल असा नवीनच टाका आणि वायरींचे स्क्रू घट्ट आवळा. सॉलिड स्टेट रिले, म्हणजे आत हलणारे पॉइंट नसलेला असेल तर त्यात टक आवाज येत नाही आणि तो खराब होतो तेव्हा बहुतेक चालूच राहून खराब होतो, तोही बदलायचाच.

दुसरा संशय टेंपरेचर सेन्सरवर. ज्या पॅनलवर आकडे दिसतात त्याला थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी एक वायर भट्टीत गेलेली असते. साफसफाईत ती तिच्या भोकातून निसटून बाहेर लोंबकळायला लागली की पॅनलला वाटतं भट्टी गारच आहे आणि ते पेलेट ढकलत राहतं. कुणी वायर काढून प्लस-मायनस उलटी लावली असेल तर अजून अवघड, भट्टी तापेल तसा आकडा खाली उतरतो. जाळ वाढायलाय आणि आकडा कमी व्हायलाय असं दिसलं की दुसरं काही शोधू नका, तीच वायर बघा.

पेलेट थांबतात पण पंखा तासनतास थांबत नाही, असं असेल तर धुराड्याच्या तोंडाशी रुपयाच्या नाण्याएवढी गोल चकती असते, दोन वायरी लावलेली, धुराडं गरम आहे तोवर पंखा चालू ठेवणारी, ती तपासा. तिच्या वायरी काढून गार असताना मीटर लावा, बीप यायला नको, आला तर ती चिकटलीय. घरगुती स्टोव्हमध्ये ती साधारण ४० ते ५० अंशाच्या आसपास काम करते. मात्र तिच्यासारखीच दिसणारी दुसरी चकती जास्त तापल्यावर भट्टी तोडायला असते, तिला गार असताना बीप यायलाच पाहिजे. दोन्हीत घोळ करू नका आणि या दुसऱ्या चकतीच्या वायरी एकमेकींना जोडून तिला बायपास तर कधीच करू नका.

चकती चांगली निघाली तर राख बघा. सोयाबीनच्या भुसकटाचे, तुराट्या-पऱ्हाटीचे पेलेट लाकडाच्या भुशाच्या पेलेटपेक्षा जास्त राख सोडतात आणि कुंडीत त्याचे काचेसारखे खडे जमतात, त्याखाली इंगळ तासनतास जिवंत राहतात. खडे फोडून काढा, कुंडीची भोकं तारेनं मोकळी करा, धुराडं झाडा. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा, उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका, आतला इंगळ दोन दिवसांनीही पेट घेतो.

सगळं बसवलं की हॉपर रिकामा ठेवून भट्टी चालू करा, तीन-चार वेळा बटण बंद करून बघा, प्रत्येक वेळी स्क्रू लगेच थांबला पाहिजे. मग दोन-तीन किलो पेलेट टाकून, वर पाण्याची कढई ठेवून एकदा पेटवून बंद करून बघा, तेव्हा कुठं दुधाला हात घाला. आणि वायरमन आलाच आहे तर स्क्रूच्या मोटारीला वेगळा लाल स्विच काढून घ्या, दाराजवळ, भट्टीपासून चार पावलं लांब. आम्ही बसवलाय, भावानं त्याच्याखाली खडूनं मोठं लिहून ठेवलंय, 'पेलेट'.