परसातले चपळ पक्षी टिपण्यासाठी एक वाळकी फांदी

बडोद्यातील आमच्या परसात दयाळ, शिंपी आणि शिंजीर रोज येतात. परंतु ते क्षणभरही एका जागी ठरत नसल्यामुळे छायाचित्रात बहुधा हलती पानेच उरतात. त्यांच्यामागे कॅमेरा फिरवण्याऐवजी पक्ष्याने कोठे बसावे, हे आपण ठरवावे.

मातीच्या पसरट परळात दोन बोटे पाणी ठेवून त्याच्या लगत करंगळीएवढ्या जाडीची कडुनिंबाची वाळकी फांदी कुंडीत रोवावी, कारण पाण्यावर उतरण्यापूर्वी पक्षी बहुतेक वेळा जवळच्या उंच जागी बसून अंदाज घेतो. फांदीच्या मागे तीन-चार मीटर मोकळी जागा असली, की भिंत किंवा झुडपे आपोआप धूसर होतात. शिंजीर मधासाठी येतो. म्हणून दुसरी फांदी जास्वंदीशेजारी रोवावी.

आठवडाभर पक्ष्यांना त्या जागेची सवय होऊ द्यावी. मग खिडकीच्या पडद्याआड कॅमेरा तिवईवर ठेवून फोकस आधीच फांदीवर स्थिर करावा आणि शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा. सकाळचे कोवळे ऊन आपल्या पाठीमागून यावे, कारण विणीच्या काळातील नर शिंजीर अपुऱ्या उजेडात नुसता काळा दिसतो. त्याची जांभळी-निळी झळाळी समोरून प्रकाश पडल्यावरच खुलते, आणि ती टिपण्यासाठी पुन्हा पुन्हा थांबावे इतकी ती सुंदर असते.

शिंप्याने पाने शिवून केलेले घरटे दिसल्यास छायाचित्रासाठी ती पाने मुळीच बाजूला करू नयेत.